दर्याची झाडलोट

तांडेलांना समुद्र आवडत नसे. आरमारात वर्षं काढलेला माणूस, तोही सुरुंग काढणाऱ्या बोटीवर. पण सकाळी डेकवर आले की चारी बाजूंना नजर टाकून म्हणायचे, "काय ही नासाडी! एवढं वावर, आन् समदं पाण्याखाली."

हुद्द्याने ते पेटी ऑफिसर, म्हणजे पलटणीतल्या हवालदारासारखे. आमच्या बोटीवर कोकणातली पोरं जास्त, ती त्यांना तांडेल म्हणत, म्हणून आम्हीही म्हणू लागलो. खरा तांडेल म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या होडीवर वाढलेला, खलाशांचा म्होरक्या. आमचे तांडेल शिराळ्याकडचे शेतकरी. भरती होईपर्यंत त्यांनी पाहिलेलं सगळ्यात मोठं पाणी म्हणजे वारणेचा पूर. घरातून निघाले होते पलटणीत जायला. भरतीच्या मैदानावर दोन रांगा होत्या, एक उन्हात आणि एक झाडाखाली. "मी सावली बघून हुबा ऱ्हायलो. सही-अंगठा झाल्यावर कळलं, ही रांग दर्याची हाय." हे सांगताना ते कधी हसत नसत.

मी सांगलीचा. मॅट्रिक होऊन घरी बसलो होतो, लढाई चालू होती, बिनतारी यंत्राचं काम शिकवतात असं कळलं म्हणून आरमारात गेलो. माझं नाव तांडेलांनी शेवटपर्यंत उच्चारलं नाही. "सांगलीकर, हिकडं ये रं," एवढंच. आपल्या मुलखाचा माणूस म्हणून त्यांचा माझ्यावर हक्क होता आणि तो ते पुरेपूर वसूल करत. त्यांच्या ट्रंकेत जोंधळ्याच्या पिठाची पिशवी असे. मला जेवणाआधी भटारखान्यात पिटाळायचे, "त्या बाबाला सांग, भाकरी थापायची आसती, लाटायची नसती." मासा ते खात नसत. सुरुंग फुटला की आसपासचे मासे मरून पाण्यावर तरंगत, कोकणातली पोरं आनंदाने बादल्या भरभरून आणत. तांडेल पाठ फिरवून बसायचे. "त्येंच्या घरात शिरून आपण त्येंचं घर पाडलं, आन् वर त्येंनाच खायाचं?"

आमचं काम काय होतं ते थोडक्यात सांगायला हवं. विहीर फोडायला लावतात तसाच सुरुंग, फक्त हा पाण्यात पेरलेला. रांजणाएवढा लोखंडी गोळा, अंगावर शिंगं. समुद्राच्या तळाला वजन, वजनाला तार, आणि तारेच्या टोकाला हा गोळा पाण्याखाली डुलत असायचा. वरून काही दिसत नाही. जहाजाचं पोट शिंगाला लागलं की संपलं. म्हणून मोठ्या जहाजांच्या आधी आमच्या बारक्या बोटी जायच्या. बोटीच्या मागून लांबलचक पोलादी तार सोडायची. तिच्या टोकाला एक तरंगतं धूड असे, ते तार बाजूला ओढून धरी. तारेवर जागोजाग कातर बसवलेली. सुरुंगाची तार त्या कातरीत आली की तुटायची, गोळा भस्सकन वर यायचा, मग लांबून गोळ्या घालून त्याचा निकाल लावायचा.

नव्या पोरांना हे इंग्रजी पुस्तकातून शिकवत. ती डोळे फाडून बसत. मग तांडेल त्यांना मागच्या डेकवर न्यायचे. "ऊस तोडलायसा का कवा? शेंड्याला धरून ओढला तर येतुय का? न्हाई. बुडख्यात कोयता घालायचा. हितं बी तसंच. जनावराच्या तोंडाला हात लावायचा न्हाई, बुडख्यात तोडायचा."

जनावर म्हणजे सुरुंग. शिराळ्याकडे नागपंचमीला जिवंत नाग धरतात, पुजतात आणि परत रानात सोडून देतात. तांडेलांनी तरुणपणी असे नाग हाताने धरलेले. सुरुंगाबद्दल त्यांच्या बोलण्यात तीच अदब असायची. कुणी पोरगा वर आलेल्या गोळ्याला शिवी देऊन दात काढू लागला तर ओरडायचे, "त्याला शिव्या दिऊ नगंस. त्यो त्याचं काम करतुय, तू तुजं कर."

नकाशावर रेघा आखलेल्या असत. एका रेघेने जायचं, वळायचं, शेजारच्या रेघेने परत यायचं. तांडेल त्या रेघांना तास म्हणत, नांगरटीचे तास. "तासाला तास भिडला पायजे. मधी पट्टा ऱ्हायला की नेमकं तितंच जनावर बसल्यालं असतंय." साहेब लोक नकाशावर बोट ठेवून ठरवत, तांडेल मागे उभे राहून पाण्यावरच्या फेसाकडे बघत ठरवत, आणि दोघांचं बहुतेक वेळा जमे. नाही जमलं तर साहेब पुन्हा एक तास मारायला सांगत. आमचा साहेब शहाणा होता.

लोखंडाचा वास घेऊन फुटणारे सुरुंगही होते. त्यांना धक्का लागत नाही; लोखंडी बोट नुसती वरून गेली तरी ते जागे होतात. त्यासाठी बोटीभोवती तारा गुंडाळून त्यांतून वीज सोडत आणि बोटीच्या लोखंडाचा चुंबकी गुण मारून टाकत. हे समजल्यापासून तांडेलांनी अंगावर लोखंड ठेवणं सोडलं. पट्ट्याचं बक्कल पितळी, पेटीची किल्ली पितळी करून घेतलेली. मी एकदा म्हणालो, "तांडेल, एवढी मोठी बोट लोखंडाची, तुमच्या किल्लीने काय होणार?" म्हणाले, "मला ठाऊक हाय काय होत न्हाई. पर माझ्यामुळं झालं असं नगं."

आणि सगळ्यात वाईट ते मोजणारे. वरून एक बोट जाऊ द्यायची, दुसरी जाऊ द्यायची, कितवीला फुटायचं ते आत आधीच ठरवलेलं. त्यामुळे एक वाट आम्ही पुन्हा पुन्हा झाडायचो. या सुरुंगाने तांडेलांचा वाटांवरचा विश्वास कायमचा गेला. मुंबईत रस्ता ओलांडताना, गोदीत फळीवरून बोटीवर चढताना ते पायाने चाचपून बघत. मागची माणसं खोळंबायची. कुणी म्हणालं, "आवं, आत्ता इतकी माणसं गेली की," तर ते वळून म्हणत, "म्हणूनच."

झाडणं हा आमच्या कामाचा शब्दच होता. इंग्रजीतही तोच, स्वीपिंग. त्या शब्दाने तांडेलांच्या गावात काय केलं, ते सांगण्यासारखं आहे.

पहिल्या रजेवर ते घरी गेले तेव्हा चावडीवर म्हाताऱ्यांनी विचारलं, "काय काम करतुस रं बोटीवर?" तांडेल म्हणाले, "झाडतो." "काय झाडतुस?" "दर्या." म्हातारे हसले. तांडेलही गप्प बसले. गंमत एवढीच होती. पण गावातल्या निम्म्या घरांतलं कुणी ना कुणी पलटणीत. कुणाचा पोरगा आफ्रिकेत, कुणाचा इटलीत, कुणाच्या छातीवर पदक. आणि ह्यांच्या घरचा बोटीवर झाडू मारतो, ही बातमी आठवडी बाजारात पोचायला किती वेळ लागणार? पुढच्या रजेला लोक तोंडावर विचारू लागले. तांडेल म्हणत, "व्हय, झाडतो." खुलासा करायचा नाही म्हणजे नाही. आधी ती थट्टा होती. रंगूनला जे घडलं, ते पुढे येईलच, त्यानंतर तांडेलांच्या लेखी ती थट्टा राहिली नाही.

लढाई संपल्यानंतरच्या उन्हाळ्यात आम्ही दोघंही रजेवर होतो. त्यांनी मला गावी बोलावलं होतं. कोळशाच्या धुरावर चालणाऱ्या सर्व्हिस मोटारीने मी सांगलीहून निघालो, फाट्यावर उतरून चालत गावात शिरलो. घर कुणाला विचारावं लागलं नाही. दारासमोर तांडेल उभे. पांढराशुभ्र आरमारी गणवेश, छातीवर रंगीत फिती, आणि हातात खराटा. अंगण झाडत होते.

चावडीकडे निघालेले दोन म्हातारे मुद्दाम थांबले. एक म्हणाला, "बोट झाडून झाली, आता अंगण व्हय?"

"व्हय आबा. तुमचं बी झाडून दिऊ का?"

म्हातारे निघून गेले. मी म्हणालो, "तांडेल, हे काय चाललंय?"

"रजेत बी हात चालू पायजे, सांगलीकर. आन् ही कापडं धूळ खात पडली व्हती." आणि धुळीचा लोट उठवत शेवटपर्यंत झाडून काढलं. तासाला तास भिडवून.

घरात आई आणि धाकटी बहीण. वडील पूर्वीच गेलेले. मी गूळपाणी घेत असताना आईने हळूच विचारलं, "तुमी शिकल्यालं दिसता. बाबा, माझ्या लेकाला दुसरं काय काम मिळंल का वो तितं? कागदाचं?" मी तांडेलांकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. नाही.

संध्याकाळी गोठ्यापाशी बहीण वैरण टाकत होती. वीसेक वर्षांची, भावासारखीच रुंद कपाळाची. इकडे-तिकडे बघून म्हणाली, "भाऊ, उद्या मला बघायला कडेगावचं पावणं येणार हायत. बोलणं दादाच्या कामावर गेलं की तुमी काय सांगू नका."

"तुला माहीत आहे तांडेल काय करतात ते?"

"ठाव हाय की. समदं सांगितलंय मला. आईला न्हाई सांगितलं, ती झोपायची न्हाई. दोन ठिकाणची पावणी आली आन् झाडूचं ऐकून परत गेली. तवा दादा म्हणाला, सांगू का त्येंला? मीच नगं म्हणलं." तिने पेंढी सोडून बैलापुढे टाकली. "काम न बघता नावाला जी नाक मुरडत्यात, त्येंच्या घरात मला नांदायचं न्हाई."

मी तिला शब्द दिला.

कडेगावचे पाहुणे बैलगाडीतून आले. मुलाचे वडील, चांगले ऊसवाले, फेटा कडक, बोलणं मोजकं. मुलगा पलटणीतला, उंच, काळासावळा, त्या वेळी मुलांनी बसायचं तसा खाली मान घालून बसलेला. घोंगड्या अंथरल्या होत्या. शेंगा-गूळ झालं, पोहे झाले, मुलगी दाखवून झाली. मुलाच्या वडलांना ती पसंत पडल्याचं त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. मग त्यांनी घसा साफ केला.

"पावणं, एक आयकलंय ते इचारतो. राग मानू नका. तुमी बोटीवर झाडायचं काम करता म्हणत्यात."

"करतो," तांडेल म्हणाले.

"म्हंजी... केर काढता?"

"केर काढतो. लय वंगाळ केर असतुय."

दाराआड आईचा हुंदका ऐकू आला. मी न राहवून बसल्या जागी पुढे सरकलो. तांडेल माझ्याकडे न बघता म्हणाले, "सांगलीकर, पाणी पी." मी पाणी प्यालो.

मुलाचे वडील म्हणाले, "आमच्या घरात तीन पिढ्या शिपाईगिरी हाय. भावकीत इचारतील, व्याही काय करतो. मला जरा इचार कराय लागंल."

"करा की. बसून करा, सावली हाय."

तेवढ्यात मुलाने मान वर केली. वडील बोलत असताना मुलाने तोंड उघडायची रीत नव्हती, त्यामुळे सगळे त्याच्याकडे बघू लागले. तो तांडेलांना म्हणाला, "इचारू का एक? तुमची बोट पुढं असती का मागं?"

"कुणाच्या?"

"जहाजांच्या."

तांडेलांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. "झाडणारा मागं ऱ्हाऊन कसं चालंल?"

मुलगा उभाच राहिला. पाय जोडून, हात शरीराला लावून, पलटणीत उभं राहतात तसा. मग वडलांना म्हणाला, "आबा, रंगूनच्या खाडीपाशी आमचं जहाज थांबवून ठेवलं व्हतं. समदी पलटण जहाजावर. पुढं सरकायचा हुकूम न्हाई. लांबवर बारक्या बोटी तिरक्या वळीत जायच्या, परत यायच्या, परत जायच्या. आमी वरनं हसत व्हतो, ही कुणाची मोटंची बैलं रं म्हणून. मग पाण्यातनं देवळाएवढा फवारा उठला. आमची तोंडं बंद झाली. गोरा सार्जंट म्हणाला, त्या बोटी सुरुंग झाडून काढत्यात, त्येंचं झालं की आपण. त्येंनी निशाण वर केलं तवा आमचं जहाज हाललं." तो थांबला. "मी हितं बसून पोहं खाल्लं, ते त्या झाडणाऱ्यांच्या जिवावर."

 मग दार करकरलं आणि आई बाहेर आली. परक्या पुरुषांपुढे कधी न येणारी बाई, पदर डोक्यावरून घसरलेला, तशी तांडेलांसमोर येऊन उभी राहिली आणि त्यांच्या पाठीत एक धपाटा घातला. "मेल्या! सुरुंग काढतुस? आन् मला केर म्हणून सांगतुस?" दुसरा धपाटा घातला आणि तिसऱ्याला हात तिथेच त्यांच्या पाठीवर राहिला.

मुलाच्या वडलांनी फेटा सारखा केला. "आवं, मग हे आधी का न्हाई सांगितलं?"

"तुमी इचारलं झाडता का. झाडतो म्हणालो. खोटं कुठं बोललो?"

"मग झालं तर. सुपारी फोडू."

"थांबा," तांडेल म्हणाले. आईला हाताला धरून त्यांनी बाजूला बसवलं आणि पहिल्यांदा त्यांचा आवाज गंभीर झाला. "पावणं, मी सुरुंग काढतो म्हणून तुमी मान देताय. मगाशी केर काढतो म्हणून इचारात पडला व्हता. आमच्या बोटीवर खराच केर काढणारा एक हाय. टोपस म्हणत्यात त्याला. डेक, संडास, समदं त्याच्याकडं. माझा जीव त्यानं वाचिवलाय. लग्नाला मी त्याला बलावणार. आन् पंगतीत बसवणार, येगळं न्हाई. चालत असंल तर सुपारी फोडा. न्हाईतर पोहं गोड मानून घ्या."

ते बोलत असताना मी बहिणीकडे पाहिलं. ती उंबऱ्याच्या आत उभी होती, ताठ.

मुलाचे वडील उठले आणि बाहेर गेले. गाडीला बांधलेल्या बैलांपाशी जाऊन उभे राहिले. एका बैलाच्या मानेवरून हात फिरवत पुष्कळ वेळ उभे राहिले. मुलगा जागचा हलला नाही, वडलांच्या मागे गेला नाही. आम्ही सगळे दारातून त्यांची पाठ बघत बसलो. तो काळ आजचा नव्हे. त्या माणसाला भावकीत, गावात, बाजारात कायकाय ऐकावं लागणार होतं ते त्याला कळत होतं आणि आम्हालाही.

शेवटी ते आत आले. "माझं वय झालंय," ते म्हणाले. "मला हे पचायला येळ लागंल. पर पोरगं म्हणतंय ते बी खोटं न्हाई. त्यो जित्ता परत आलाय." मग बसले. "सुपारी आणा."

लग्नाला टोपस आला. काठेवाडकडचा, बारीक अंगाचा, बोलायला अत्यंत लाजरा. मी त्याला मिरज स्टेशनवर उतरवून घेतलं. गाडीत सबंध वाटेत तो म्हणत होता, "मैं बाहर बैठूँगा, बाबूजी, मुझे कोई तकलीफ नहीं." तांडेलांनी त्याला आपला धुतलेला गणवेश घातला आणि हाताला धरून पंगतीत नेला. तो बसला तशी काही माणसं उठली. पत्रावळी तशाच टाकून गेली. पंगतीत दात पडल्यासारख्या जागा दिसू लागल्या. नवरदेव आला आणि टोपसाच्या उजवीकडे बसला. मग फेटेवाले व्याही आले. उभे राहिले. सगळा मांडव त्यांच्याकडे बघत होता. त्यांनी जोडे काढले आणि टोपसाच्या डावीकडे मांडी घातली.

आईने स्वतः वाढलं. टोपसाच्या पानात लापशी, वर तुपाची धार. त्याला मराठी येत नव्हतं, तरी ती त्याच्याशी बोलत होती. "पोटभर जेव, बाबा. माझं पोरगं तू राखलंस." त्याने मान खाली घातली ती जेवण संपेपर्यंत वर केली नाही, पण पान चाटून पुसून स्वच्छ केलं.

त्या पंगतीवरून गाव बरीच वर्षं बोलत राहिलं. तांडेलांच्या घरी काही जणांनी पाणी पिणं सोडलं, त्यांतले काही पुढे परत आले, काही आले नाहीत. तांडेलांनी त्याची दखल घेतली नाही. स्वातंत्र्यानंतर ते आणखी काही वर्षं आरमारात राहिले, नव्या पोरांना तार सोडायला शिकवत. मग घरी आले, वारणेच्या पाण्यावर ऊस लावला. बहिणीच्या मुलांपैकी एकाला त्यांनीच आरमारात धाडला. मी सांगलीत तारखात्यात लागलो. कधीमधी ते बाजाराला आले की माझ्या दारात उभे राहून आरोळी देत, "सांगलीकर, हाईस का?"

रंगूनचं सांगायचं राहिलंच. त्या दिवशी पाहुण्यांपुढे मी गप्प बसलो, कारण बहीणभावांनी तसं बजावलं होतं. आता बजावणारं कुणी उरलेलं नाही.

रंगूनच्या खाडीचं पाणी गढूळ, कृष्णेच्या पुरासारखं. हवा पावसाळी, लाटा आडव्या येत होत्या. वाट झाडून होत आली होती. शेवटचा तास मारून तार आत ओढून घेत होतो. मी एक निरोप पोचवायला मागच्या डेकच्या तोंडाशी आलो होतो, म्हणून हे डोळ्यांनी पाहिलं. तार ओढणारं चाक घरघरत होतं आणि एकाएकी तांडेलांनी हात वर केला. चाक थांबलं. बोटीच्या मागे, अगदी मागे, पाण्यातून एक काळं शिंग वर आलं. सुरुंगाची तार कातरीत तुटली नव्हती, तो आमच्या तारेतच गुंतून बरोबर आला होता. लाट आली की तो बोटीकडे सरकायचा, लाट गेली की मागे.

तांडेल ओरडले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, "समदी पुढं जावा. पळू नका." पोरं बोटीच्या पुढच्या टोकाकडे गेली. मीही काही पावलं गेलो आणि वळून बघत थांबलो. तार बोटीला जिथे अडकवलेली असते तिथे एक खिट्टी असते. ती उडवली की तार सुटून पाण्यात जाते आणि सुरुंगही तिच्यासोबत. तांडेलांनी हातोडा घेतला आणि खिट्टीवर मारला. एकदा, पुन्हा. खिट्टी गंजली होती की ताणाने अडकली होती, कोण जाणे. सुरुंग एका लाटेवर इतका जवळ आला की त्याच्यावर चिकटलेलं शेवाळ मला दिसलं. तांडेलांनी पुन्हा हातोडा घातला आणि खिट्टी उडाली.

तार सापासारखी सळसळत निघाली आणि तिचा एक वेढा तांडेलांच्या पायात पडला. ते आडवे झाले, डेकवरून फरफटत मागे निघाले. एका हाताने कठडा पकडला. तेवढ्यात खालच्या जिन्यातून टोपस वर आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. त्याने झेप घेऊन तांडेलांचा पट्टा धरला, आणि डेक पुसायच्या लांब दांड्याने तो वेढा पायातून ढकलत, ढकलत उतरवला. तार सुटली, पाण्यात गेली. साहेबाने बोट पुढे काढली. पुरेसं लांब आल्यावर बंदुकांनी तो सुरुंग उडवला आणि सगळी बोट थरथरली.

साहेबाने टोपसाला विचारलं, "सगळ्यांना पुढे जायला सांगितलं होतं. तू मागे काय करत होतास?"

टोपस म्हणाला, "पीछे का डेक मेरा है, साब."

 साहेबाने टोपी काढली आणि परत घातली.

दुपारी आम्ही झाडलेल्या वाटेच्या कडेला उभे राहिलो, निशाण वर केलं, आणि मोठी जहाजं एकामागून एक आत येऊ लागली. तांडेल पायाला पट्ट्या बांधून मागच्या डेकवर दोराच्या गुंडाळीवर बसले होते. टोपसाला त्यांनी शेजारी बसवून घेतलं होतं. तो उठू बघायचा, ते पुन्हा बसवायचे. पलटणी घेऊन चाललेलं एक जहाज आमच्या जवळून गेलं. कठड्याला जवान दाटीवाटीने उभे होते. त्यातून एक आवाज स्पष्ट ऐकू आला, आपसातलाच. "आरं मागं सर की, पाण्यात पडशील गड्या!"

तांडेल ताडकन उठले. लंगडत बोलण्याच्या कर्ण्यापाशी गेले. तो कर्णा फक्त साहेबाने वापरायचा. साहेब वरच्या सुकाणूच्या मजल्यावरून बघत होता, त्याने तोंड दुसरीकडे फिरवलं.

"कुठलं रं तुमी?" तांडेल गरजले.

जहाजावर एकदम कल्लोळ उठला. "सातारा!" "कराड!" "आमी विट्याचं!" "तासगाव!" "शिराळा हाय का कोण? शिराळा हितं हाय!" कठड्यावरून टोप्या हलू लागल्या. कुणीतरी ओरडलं, "आन् तुमी कोण?"

तांडेलांनी एक हात टोपसाच्या खांद्यावर टाकला. "झाडणारं!" ते ओरडले. "जावा बिनघोर!"

जहाज पुढे गेलं. त्याच्यामागे दुसरं आलं, त्याच्यामागे तिसरं, दूरवर क्षितिजापर्यंत रांग होती. टोपसाने हळूच विचारलं, "कौन लोग थे, तांडेल?"

"मेरे गाँववाले."

टोपसाने त्या सगळ्या रांगेकडे पाहिलं. "सब?"

"हाँ," तांडेल म्हणाले. "सब."